वास नसलेलं कचरा केंद्र

त्या केंद्रात शिरल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे नाकावरचा रुमाल काढला. माझ्या काळजीची सुरुवात तिथूनच झाली. आसपासच्या कितीतरी गावांचा कचरा जिथे येऊन पडतो, त्या जागेला गुलाबाच्या अगरबत्तीचा वास येत होता.

पण थांबा. मी सांगलीची. कॉलेजात असताना नाटकांतून कामं करायचे, आणि पडदा उघडायच्या आधी प्रेक्षकांना जरा ताटकळत ठेवायची खोड अजून गेलेली नाही. तेव्हा आधी पात्रपरिचय.

माझा नवरा फौजेत आहे. त्याच्या बदल्यांमागे मी देशभर फिरले, आणि जिथे गेले तिथे हिशेब तपासायचं काम शोधलं. सध्या आम्ही चंदीगडजवळ चंडीमंदिर छावणीत सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. मी मोहालीच्या एका छोट्या कार्यालयात नोकरी करते. सरकारी आणि निमसरकारी संस्थांचा कारभार कसा चाललाय आणि पैसा कुठे जातो, हे आम्ही बाहेरून जाऊन बघतो आणि अहवाल लिहितो. आमचे सर म्हणजे एक बुजुर्ग सरदारजी. माझा प्रत्येक मसुदा ते वेलदोड्याचा चहा पीत मोठ्याने वाचतात. त्यांच्या आवाजात ऐकलं की आपलं साधं वाक्यसुद्धा जन्मठेपेसारखं वाटतं.

चंदीगडच्या आजूबाजूच्या काही लहान शहरांनी मिळून कचऱ्याची विल्हेवाट लावायला एक प्राधिकरण काढलं होतं. प्रत्येक शहराने खर्चाचा आपापला वाटा द्यायचा आणि कचरा पाठवायचा. केंद्रात तो पट्ट्यावरून सरकताना बायका हाताने वेगळा करणार, ओल्याचं खत होणार, सुकं विकलं जाणार, आणि उरेल तेवढंच डोंगरावर जाणार. डोंगर म्हणजे शहराबाहेरचा कचऱ्याचा ढीग. सगळे त्याला असंच म्हणतात.

तक्रार अशी होती की हे केंद्र म्हणजे नुसता देखावा आहे. कचरा सरळ डोंगरावर जातो आणि निवडायचे पैसे कुणाच्या तरी खिशात. कारभार आणि हिशेब दोन्ही तपासून आम्ही एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं : केंद्र खरंच चालतं का? निर्णय त्या शहरांच्या समितीचा, पण आम्ही ‘नाही’ म्हटलं की कुलूप. पट्ट्यावरच्या बायका पूर्वी त्या डोंगरावरच उघड्या हातांनी कचरा वेचायच्या. कुलूप लागलं तर त्या परत तिथेच जाणार, हे सरांनी मला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. हे त्यांनी सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं मला नंतर बऱ्याचदा वाटलं.

पाहणीची तारीख रीतसर पत्र पाठवून कळवलेली होती. त्या सकाळी मुलीला कॉलेजला सोडायचं म्हणून तिला घेऊन निघाले. छावणीच्या फाटकातून बाहेर पडतो न पडतो तोच पिंजोरच्या रस्त्याच्या कडेला ताडपत्री झाकलेल्या ट्रकांची रांग. ड्रायव्हर लोक निवांत चहा पीत बसलेले. वास असा की गाडीतला आरसासुद्धा धुरकट झाल्यासारखा वाटला.

“हे कुठून आलं आज?” मी म्हटलं.

“मम्मा, शीशा ऊपर करो ना, प्लीज!” माझी मुलगी मराठी सगळं समजते, उत्तर मात्र हिंदीत देते.

मी काच वर केली, तोंडातून दोन अस्सल सांगलीचे शब्द काढले आणि ट्रक विसरून गेले.

आता पडदा. केंद्राच्या दाराशी दोन्ही बाजूंना दगड मांडलेले. एक गेरूने रंगवलेला, एक चुन्याने, पुन्हा एक गेरूने, थेट छावणीतल्यासारखे. फौजेत इतकी वर्षं काढलेल्या बाईला ते दगड बघून काहीतरी सुचायला हवं होतं. मला एवढंच वाटलं, वा, घरच्यासारखं वाटतंय.

मुख्य अधिकारी निवृत्त कर्नल निघाले. मिशी अशी की तिला वेगळा सॅल्यूट ठोकावा. त्यांनी मला आणि सरांना झेंडूचे हार घातले, शामियान्यात बसवलं, पनीर पकोडे पुढे केले आणि हातात छडी घेऊन नकाशावर सगळं केंद्र समजावलं. नकाशावर ते फारच जोरात चालत होतं. मग आत नेलं. सिमेंटची जमीन इतकी धुतलेली की तीवर रांगोळी काढावी. पट्ट्याचं काळं रबर तेल लावून चमकवलेलं. मी त्यावरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ. स्वच्छ बोट बघून घाबरायची माझी ती पहिलीच वेळ.

“कर्नलसाहेब, हे रोज चालतं?”

“रोज, मॅडम.”

“मग आज?”

“आज तो आप लोग आए हैं!” ते म्हणाले. हे उत्तर पुरेसं आहे असा त्यांचा चेहरा होता.

मी चालवून दाखवायला सांगितलं. पट्टा सुरू झाला, रिकामाच, गुळगुळीत, एखाद्या शोरूममधल्यासारखा. “आणि दुसरा?” मी विचारलं. दुसऱ्या पट्ट्यासमोर कुंड्यांची इतकी दाट रांग होती की तिथे पोचायला आधी माळी बोलवावा लागला असता. “उसका आज आराम है,” साहेब म्हणाले आणि मला खताच्या पिशव्या दाखवायला घेऊन गेले.

बायका नव्या कोऱ्या निळ्या कोटांत, हात मागे बांधून रांगेत उभ्या होत्या. केस पिकलेल्या एका बाईंना मी विचारलं, “तुम्ही इथे काय काम करता?”

त्यांनी साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “आज? आज तो खडे रहने का काम है, जी.”

रांग हसली. साहेबांची मिशी थोडी हलली. पण आम्ही निघताना त्याच बाई माझ्या मागून आल्या आणि हळूच म्हणाल्या, “मॅडमजी, बंद तो नहीं करवाओगे?”

मी हसून मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, हे मलाही माहीत नव्हतं.

पुढचे दिवस वाईट गेले. हिशेबात पगार होते, विजेची बिलं होती, दुसऱ्या पट्ट्याच्या दुरुस्तीचा खर्च होता, बेरजा बरोबर होत्या. मी सरांना म्हटलं, वीज तर वापरलेली दिसते. सर म्हणाले, “मॅडमजी, खाली पट्टा भी बिजली खाता है. वो तो हमने अपनी आँखों से देखा.”

“मग मी लिहू काय?”

“जो देखा वही लिखो. क्या देखा?”

“अगरबत्ती.”

“तो अगरबत्ती लिखो.”

मी मसुद्यात लिहिलं : पाहणीच्या दिवशी केंद्रात कचरा आढळला नाही. सरांनी ते मोठ्याने वाचलं. एकही शब्द खोटा नव्हता. आणि त्या एका वाक्याने केंद्राला कुलूप लागणार होतं. सरांनी कप खाली ठेवला आणि सोमवारपर्यंत विचार करा म्हणाले. विचार म्हणजे काय, तर मी आमटीत दोनदा मीठ घातलं, बँकेत गेले आणि कशाला आले तेच विसरले, आणि स्वप्नात त्या पिकल्या केसांच्या बाई हात मागे बांधून माझ्याच स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. खरंच देखावा असेल तर लिहायलाच हवं. नसेल तर मी जिवंत माणसाच्या मृत्यूचा दाखला देत होते. आणि दोन्हींतलं काय खरं, हे मला खरोखर कळत नव्हतं.

रविवारी संध्याकाळी अंगणात चहा पिताना मी हे सगळं नवऱ्याला सांगितलं. तो साताऱ्याचा, शब्द खर्च करताना फार काटकसरी. पण गेरू-चुन्याच्या दगडांपाशी मी आले तशी त्याची मान वर झाली, आणि अगरबत्तीपाशी तो इतका हसला की कप खाली ठेवावा लागला.

“अहो, माझा इथे जीव चाललाय!”

“अगं, त्या बिचाऱ्याने इन्स्पेक्शन दिलंय तुला!” तो म्हणाला. “तू त्याच्या दृष्टीने जनरल. आमच्या पहिल्या युनिटमध्ये इन्स्पेक्शनच्या दिवशी मोडक्या खाटा, फुटक्या बादल्या, सगळं भंगार एका ट्रकमध्ये भरायचे आणि ट्रकला रोड टेस्टला पाठवायचे. जनरल जाईपर्यंत ट्रक रस्त्यावरच. मीच बसलोय एकदा पुढे, नवा लेफ्टनंट म्हणून. आणि परत येताना जनरलचीच गाडी आमच्या मागे अडकली. हॉर्न वाजवतोय, वाजवतोय!”

मी हसले नाही. माझ्या डोक्यात ताडपत्र्या फडफडायला लागल्या होत्या.

“त्या सकाळचे ते ट्रक,” मी मुलीला हाक मारून विचारलं, “आठवतात?”

“वो बदबू वाले? उनके दरवाजे पे हरा पत्ता बना था.” मोबाइलमधून मान वर न काढता ती म्हणाली. मी आत धावले आणि प्राधिकरणाचं पत्र आणलं. वरच्या कोपऱ्यात हिरवं कडुनिंबाचं पान. तिने एक नजर टाकली. “हाँ, यही. पक्का.”

म्हणजे बघा. कर्नलसाहेबांनी सगळा कचरा केंद्रातून हलवून पिंजोरच्या रस्त्यावर, जमेल तेवढ्या लांब पाठवला होता. आणि ते लांबचं टोक नेमकं तपासणीला येणाऱ्या बाईच्या फाटकासमोर निघालं. नाटककारालासुद्धा एवढा योगायोग लिहायचं धाडस होणार नाही.

पण माझा आनंद चहा संपेपर्यंतच टिकला. कचरा आहे एवढंच कळलं होतं. तो पट्ट्यावर चढतो की सरळ डोंगरावर जातो, हे कुठे कळलं होतं? कचरा लपवायला तर दोन्ही बाबतींत कारण होतं.

सोमवारी मसुदा देण्याऐवजी मी सरांना म्हटलं, “परत जाऊ या. न कळवता.”

सरांनी मसुद्यासाठी पुढे केलेला हात मागे घेतला. “और अगर वहाँ कुछ न मिला?”

“तर तेच वाक्य ठेवू. मग माझी तक्रार नाही.”

केंद्राकडे जाताना डेराबस्सीच्या वाटेवर मी एक शब्द बोलले नाही. मला जे ओळखतात ते सांगतील, ही किती गंभीर बाब आहे. प्रत्येक सिग्नलला वाटायचं, परत फिरू या. इतके दिवस माझ्याकडे निदान ‘कदाचित’ होतं. आता तेही जाणार होतं. शेवटचा फाटा आला, गाडी वळली आणि सरांनी खिशातून रुमाल काढला. मी काच खाली केली. आंबलेल्या भाज्यांचा, भिजलेल्या कागदाचा, न जाणे कशाकशाचा एक जाडजूड वास गाडीत शिरून आमच्यामध्ये बसला.

“बंद करो, मॅडमजी!”

“थांबा हो सर, मला घेऊ दे जरा.”

पट्टा चालू होता. त्याच्या दोन्ही बाजूंना बायका, डोक्याला ओढण्या गुंडाळलेल्या, हात इतके भराभर की कुणाचा कुठला ते कळू नये. प्लास्टिक इकडे, चिंध्या तिकडे. मधूनच कुणीतरी ओरडायचं, “चप्पल!” मग ती चप्पल भिंतीवरच्या खिळ्याला लागायची. भिंतीवर एकेकट्या चपलांची रांगच होती, आपल्या जोडीदाराची वाट बघत. जोड जमला की ज्या बाईला मापात बसेल तिची. पाहणीच्या दिवशी त्या भिंतीवर स्वच्छतेचं घोषवाक्य लटकत होतं.

कर्नलसाहेब गुडघ्यापर्यंतच्या बुटांत, बाह्या वर करून उभे होते. मिशीला त्या दिवशी शिस्त नव्हती. आम्हाला बघून त्यांचा हात आपोआप तिच्याकडे गेला.

“मॅडम, आप बता के आतीं तो...”

“तर हे सगळं तुम्ही पुन्हा पिंजोरला पाठवलं असतंत.”

पट्ट्याच्या आवाजातही ते सगळ्यांना ऐकू गेलं. पिकल्या केसांच्या बाई आधी हसल्या, मग रांग हसली, आणि मग साहेब लाल झाले. “मॅडम, मेहमान को गंदगी में कौन बिठाता है?” ते म्हणाले. ते खरंच दुखावले होते. कचरा दिसला नाही म्हणून आपलं केंद्र बंद पडायला निघालंय, ही शक्यताच त्यांच्या डोक्यात कधी शिरली नव्हती.

मी सुटकेचा श्वास टाकणार, तेवढ्यात सर कुंड्यांकडे गेले. त्या आता बाजूला सरकवलेल्या होत्या. मागे दुसरा पट्टा. रबर फाटून लोंबत होतं, मोटर जागेवर नव्हती. आणि आम्ही तपासलेल्या हिशेबात त्याची दुरुस्ती झालेली होती.

“कर्नलसाहेब,” सर म्हणाले, “ये आराम कब से चल रहा है?”

साहेबांनी बूट जमिनीवर घासले. मग सरळ सांगितलं. शहरं कचरा वेळेवर पाठवायची, वाटा नाही. पगाराला पैसे उरले नाहीत तेव्हा दुरुस्तीचे पैसे पगारात घातले, आणि कागदावर दुरुस्ती दाखवली. “मशीन बैठ जाए तो बैठी रहती है, मॅडम. ये औरतें बैठ गईं तो पहाड पे लौट जाएँगी. एक बार गईं तो वापस नहीं आतीं.”

मला वाटलं होतं, खरं समजलं की काळजी संपते. आता माझ्यासमोर खरं काम आणि खोटी नोंद एकाच माणसाच्या रूपात बूट घासत उभी होती.

निघताना त्यांनी मला गाडीपाशी गाठलं. “दूसरे पट्टे का न लिखें तो?” हे विचारताना ते माझ्याकडे बघत नव्हते. अशा माणसाला असं विचारावं लागावं, याचीच मला लाज वाटली.

“साहेब, तुमचा पहिला पट्टा चालतो यावर लोकांनी विश्वास ठेवायला हवा ना? मग दुसरा बंद आहे हे आपणच सांगायला हवं. ते दुसऱ्या कुणी शोधून काढलं, तर पहिल्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही.”

त्यांनी मान हलवली, सॅल्यूट न करता वळले. परतीच्या रस्त्यावर मी काच बंदच ठेवली.

अहवालात मी सगळं लिहिलं. एक पट्टा चालतो, कचरा निवडला जातो, आम्ही डोळ्यांनी पाहिलं. दुसरा बंद आहे. दुरुस्तीची नोंद खोटी आहे, पैसे पगारात गेले. शहरांनी वाटा आधी द्यावा, कचरा मग पाठवावा. आणि निर्णय घ्यायच्या आधी समितीने स्वतः जाऊन कामाच्या दिवशी बघावं. सरांनी मोठ्याने वाचलं आणि या वेळी एकच शब्द बदलला. खोट्या नोंदीबद्दल साहेबांवर चौकशी बसली, ती अजून चालू आहे. बायकांना पगार मिळत होता हे त्यांच्या बाजूने मी लिहून दिलंय. ते पुरेल की नाही, माहीत नाही.

काही शहरांनी थकलेला वाटा भरला, दुसऱ्या पट्ट्याला मोटर आली, आणि समितीची तारीख ठरली. तारीख रीतसर पत्राने कळवलेली! मी लगेच साहेबांना फोन केला. ते माझ्याशी जेमतेम बोलत होते, पण फोन उचलला.

“साहेब, या वेळी झाडू मारू नका.”

“थोडासा, मॅडम?”

“अजिबात नाही. आणि एकही ट्रक फाटकाबाहेर जाता कामा नये.”

पलीकडून “राइट” एवढंच, जणू मी त्यांना शस्त्रं खाली ठेवायला सांगितलं होतं.

त्या दिवशी गाडीतून उतरले आणि पहिलं काय दिसलं, तर दगड. ताजा गेरू, ताजा चुना, अजून ओला. मी तशीच आत धावत गेले. कचरा होता! भला मोठा ढीग. पण त्याच्या चारही कडा फावड्याने इतक्या सरळ कापलेल्या, की बराकीतल्या खाटेवरची घडी केलेली चादरच. साहेबांनी झाडू मारला नव्हता. त्यांनी कचऱ्यालाच सावधान उभं केलं होतं.

समितीचे अध्यक्ष कडक इस्त्रीच्या कुर्त्यात आले. पहिला पट्टा सुरू झाला, बायकांचे हात सुरू झाले. अध्यक्षांच्या चेहऱ्यावर काहीच उमटेना. मग साहेबांनी दुसऱ्याचं बटण दाबलं. एक घरघर झाली, पट्टा वीतभर सरकला आणि थांबला. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. साहेबांनी पुन्हा दाबलं. घरघर. पट्टा जागचा हलेना. सर माझ्या शेजारी काहीतरी पुटपुटत होते, बहुधा वाहेगुरू.

पिकल्या केसांच्या बाई रांग सोडून आल्या. कुणालाही न विचारता पट्ट्याखाली वाकल्या, कोपरापर्यंत हात घातला आणि एक लांबलचक ओढणी ओढून काढली. एवढी लांब, की अध्यक्षांना दोन पावलं मागे सरकावं लागलं. “अब चलाओ,” त्या साहेबांना म्हणाल्या. पट्टा धक्का देऊन सुटला, आणि ढिगाची ती सुबक कडा कोसळून त्यावर आली.

वास उसळला. अध्यक्षांनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला.

“बदबू बहुत है, जी,” ते म्हणाले.

साहेबांचा चेहरा पडला. इतकी वर्षं फौजेत काढून शेवटी इन्स्पेक्शनमध्ये हे ऐकावं लागलं. अध्यक्ष तसेच रुमाल धरून आपल्या कारकुनाकडे वळले. “लिखो, दोनों चल रहे हैं. बंद करने की कोई बात नहीं. चलो अब, बाहर चलो.”

बायकांनी ऐकलं, पण हात थांबवले नाहीत. कुणीतरी ओरडलं, “चप्पल!”

मी साहेबांकडे वळले, अभिनंदन करायला. ते अजून खिन्नपणे ढिगाच्या मोडलेल्या कडेकडे बघत होते.

“मॅडम,” ते हळूच म्हणाले, “एक अगरबत्ती तो लगाने देतीं.”